त्रेचाळीस

रिपोर्टच्या तळाशी मी टाइप केलं :
अडथळा नाही.
काचेपलीकडे धाकलीबाय पद्माकर कोळी,
वय चौपन्न, राहणार दिवाळे गाव,
मनगटावरची पट्टी दाबून पडून होती,
आणि तिचा मुलगा फोनवर सांगत होता कुणाला,
‘काय नाय, गॅस. बोललेलो ना मी.’

सात महिने ती हेच ऐकत आली होती.
गॅस. टेन्शन. पाळी जातेय, होतं असं.
जिना चढताना नाही, भांडतानाही नाही,
पहाटे, टोपलीला हात घालण्याआधीच
छातीत कुणी ओलं जाळं पिळल्यासारखं,
मग जबडा, मग डावा दंड.
कार्डिओग्राम सरळ. इको छान.
सेक्टर पंधराच्या डॉक्टरांनी
झोपेची गोळी दिली होती.

माझ्या आईच्या फाइलीतही शेवटची ओळ हीच आहे.
तेव्हा मला मोजता येत नव्हतं.

मी चित्रफीत मागे घेतली.
डाय सुटते कॅथेटरच्या टोकातून,
डावीकडची लांब धमनी धरून उतरते
पार खाली, जिथे तिला दोन मिशा फुटतात.
तिथवर किती फ्रेम लागल्या, तेवढं मोजायचं.
सत्तावीसपर्यंत ठीक.

नऊ.
सोळा.
सत्तावीसला ती अर्ध्यावरच,
काळी, जाडसर,
पुढे कुणी बोलावलंच नाही अशी.
चौतीस.
मी चहाचा कप खाली ठेवला.
त्रेचाळीस.

कुठे दगड नाही, कुठे बांध नाही.
वाट सगळी मोकळी,
आणि तरी.

डॉक्टर उपासनींनी स्टूल ओढलं.
‘मावशी, रक्तवाहिनी म्हणजे प्लास्टिकची नळी नव्हे.
आतून तिला अस्तर असतं, एका पेशीइतकं पातळ, जिवंत.
रक्ताची चाहूल त्याला आधी लागते,
ते भिंतीला सांगतं, सैल हो.
तुमचं अस्तर दमलंय.
सांगायचं राहून जातंय त्याच्याकडून.’
मुलगा म्हणाला, ‘मग स्टेंट टाका.’
‘कुठे टाकू? अडलेलंच नाही काही.’

तेव्हा ती बोलली. एवढ्या वेळात पहिल्यांदा.
‘तिवरां.’
आम्ही तिघांनी तिच्याकडे पाहिलं.
‘खारीचा तोंड कोनी बुजवला नाय आमचे.
काठाची तिवरां तोरली, भराव टाकला.
पानी येतं, जातं,
पन जीव नाय त्याचे चालन्यान.
जितारा गेला. निवटी गेली.
रायला तो चिखोल.’

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले,
मग पुन्हा लिहू लागले :
दोन गोळ्या, रोज चालणं, साखर तपासा,
आणि मिसरी बंद.
‘बगू,’ ती म्हणाली.
कमरेची डबी कमरेलाच राहिली.

ते गेल्यावर तिने मला बोटाने जवळ बोलावलं.
‘तू मोजलास ना गो? किती?’
‘त्रेचाळीस.’
‘आनि पायजे किती?’
‘सत्तावीसच्या आत.’
ती छताकडे बघून वजाबाकी करत राहिली,
वाटे लावणाऱ्या बाईचा हिशोब, ओठांतल्या ओठांत.
‘सोला जास्त,’ म्हणाली.
आणि हसली, नातू पास झाल्यासारखी.
‘म्हंजे मी खोटी नव्हते.’

पावतीच्या मागे मी मोठ्या आकड्यांत लिहून दिलं, ४३.
तिने मुलाला आत बोलावलं.
‘वाच. जोरान वाच.’
त्याने वाचलं.
‘आनखी एकदा.’

रिपोर्टमध्ये मी एक ओळ वाढवली. प्रवाह मंद.
पुढचा पेशंट टेबलावर आला होता,
त्याची नस सापडत नव्हती.

रात्री घरी जाताना किल्ले गावठाणाच्या सिग्नलला
डाव्या हाताने उजवं मनगट धरलं,
मोजायला लागले,
आणि हिरवा झाला म्हणून सोडून दिलं.