मागाच्या खोलीत

शिरीषाने माहेरून फोटो पाठवला,
कुणाच्या तरी बाळाची खोली, एका भिंतीवर ढग, बदकं.
खाली लिहिलेलं : एवढी एकच भिंत, बाकी राहू दे पांढरी.
पेंटर म्हणाला अठरा हजार.
मी फोन पालथा घातला.

आमची खोली म्हणजे मागाची.
माग गेला भंगारात, किलोच्या भावाने.
फरशीत चार बोल्टांची भोकं, सिमेंटने बुजवली,
अनवाणी पायाला अजून लागतात.
आणि भिंतीवर कमरेइतक्या उंचीला तेलाचा पट्टा.
दोनदा पुट्टी मारली. दोनदा वर आला.

पाळणा माळ्यावरच आहे. अम्मा उतरवू देत नाही,
रिकामा पाळणा हलवू नये म्हणते.
मग भिंत रंगवलेली चालते का?
चालते. भिंत कुठे हलते?

साच्याला जाड फिल्म हवी होती.
तिने कपाटावरचं पिवळं पाकीट ओतलं,
नायनाच्या छातीचे नऊ एक्स-रे.
"डॉक्टर दर वेळी नवाच मागतो."
ब्लीचच्या पाण्यात घासले, बरगड्या निघाल्या,
एका कोपऱ्यात खांद्याचं हाड राहिलं ते राहिलंच.

पोपट मी काढला.
कापला तिने, विडीच्या पानाच्या कात्रीने.
चाळीस वर्षं पत्र्याचा फर्मा ठेवून पान कापलेला हात,
माझ्या पेन्सिलीकडे बघितलंसुद्धा नाही.
पाठीला एक वळण, पोटाला एक,
शेपूट एका दमात.
डोळ्यासाठी सुई तापवली.

नायना दारात उभे होते. म्हणाले, आण इकडे.
फिल्म उजेडाकडे धरली.
धरायची कशी, हे त्यांना कुणी शिकवायला नको :
आधी तीस वर्षं जेकार्डची कार्डं, भोकाशी भोक जुळवत,
मग ही छाती.
ओकटी, रेंडू, मूडू, ओठांतल्या ओठांत मोजलं
आणि म्हणाले, पंखाला आधार नाही,
मधला तुकडा गळून पडेल, एक पट्टी सोड.
चादरीतही धागा लांब मोकळा ठेवला
तर पोराच्या बोटात अडकतो.
इतकं सलग ते कधी बोलले होते, आठवत नाही.
पुढचं खोकल्यात गेलं.

रंग उरलासुरला. हिरवा दुकानाच्या शटरचा,
चोचीला लाल, मारुतीच्या देवळातून मागून आणलेला.
स्पंज जवळजवळ कोरडा ठेवायचा, हे पहिल्या पोपटाने शिकवलं,
त्याचा ओघळ थेट जमिनीपर्यंत.
दुसरा बरा. सहाव्यापासून हात बसला.
तेलाच्या पट्ट्यावर आलेले चौघे जरा काळपट दिसतात,
उन्हात जाऊन आल्यासारखे.
नायना खुर्चीत. टेप मी लावायचा,
सरळ आहे की नाही ते त्यांनी सांगायचं.
एक सूत वर. अर्धा सूत. बस.
बाहेर एप्रिल, पंखा गरम हवाच ढवळतोय,
शेजारच्या घरात कुणाचा तरी माग चालू,
खटाखट, खटाखट,
आणि माझा स्पंज नकळत त्याच ठेक्यावर पडतोय.

रात्री दीडला पाणी आलं. पाच दिवसांनी.
"आलं, आलं" करत सगळी गल्ली उठली,
मी साचा तसाच भिंतीला सोडून पळालो,
ड्रम, घागरी, कुकरचं भांडंसुद्धा भरलं.
परत येऊन झोपेत उरलेली ओळ मारली.

सकाळी शिरीषाला फोटो पाठवला.
विडी घरकुलातून लगेच उत्तर :
छान. पण अठरावा मागे का बघतोय?
मी नीट पाहिलं. खरंच.
सतरा पोपट खिडकीकडे तोंड करून,
आणि हा एकटा दाराकडे.

काहीतरी लिहिलं, पुसलं.
नायना चहा बशीत ओतत होते.
म्हणाले, लिही, फिल्म उलटी लागली.
सिव्हिलमध्ये एकदा माझंही काळीज उजवीकडे आलं होतं.
काही होत नाही.