सहाशेत सोलापूर

बसा ओ साहेब, पिशवी मागं टाका.
सहाशेत सगळं दाखवतो,
जेवण तुमचं तुम्ही.

हा भुईकोट.
बुरुजाच्या सावलीत पोरं बसलेत ना,
पोलीस भरतीचा अभ्यास करतेत.
हे तळं, मधी सिद्धेश्वर.
चप्पल रिक्षातच राहू द्या,
अनवाणी चटके बसतेत, पळत जावा.

चादर घ्यायची तर शेवटी.
आधी घेतली की दिवसभर ओझं,
आन् दुकानदार मला कमिशन देतंय
हे आत्ताच सांगून ठेवतो.

इथं एक चिमणी होती.
हसू नका, विटांची. मिलची.
आमचा बाप तिच्या भोंग्यावर उठायचा,
बंद पडल्यावरबी साडेपाचलाच उठायचा,
आन् नुसता बसून राहायचा.
ही जागा यादीत नाही,
रस्त्यात लागली म्हणून बोललो.

आता नान्नज.
माळढोक दिसंल असं मी म्हणणार नाही.
दुर्बीण एवढी भारी आणलीय तुम्ही,
मलाच कसंतरी व्हतंय.

तिसरीत होतो. शाळेची सहल.
गुरुजी म्हणले, ओळ सोडायची नाही.
मी सोडली, लघवीला लागली होती.
गवत बाजूला केलं तर समोर उभा,
जवळजवळ माझ्याएवढा,
मान ताठ, चालण्यात कसली घाई नाही.
कुणालाच सांगितलं नाही ओ,
ओळ सोडली म्हणून मार बसला असता.

थांबा, तिकडं, बाभळीच्या डाव्या अंगाला.
नाही. वारं हाय.

जरा देता का दुर्बीण?
थांबायचे पैसे घेत नाही मी.