अपेक्षा

लष्करात, दौलतगंजच्या माडीवर
वधू-वर मंडळाची वही होती तेव्हा
अपेक्षांच्या रकान्यात कुणा टवाळानं लिहिलं:
'वाचणाऱ्यानं ताबडतोब खिडकीतून उडी मारावी.'
खिरवडकर तात्यांनी ते मोठ्यानं वाचलं,
चष्मा पुसला
आणि पुढचं स्थळ घेतलं.

आता वेबसाइट आहे.
फॉर्मचं प्लगइन फुकटातलं,
करणारा कुठला कोण, तीन वर्षं अपडेट नाही.
परवा त्याच रकान्यात
'निर्व्यसनी' आणि 'शक्यतो ग्वाल्हेरचीच' यांच्या मधोमध
एक टोकदार कंस येऊन बसला.
कोण रे तू, कुणी विचारलं नाही.
मुरारची तेजस्विनी स्थळं चाळत होती,
तिचं लॉगिन
हां हां म्हणता उचललं गेलं.

तिनं काय केलं होतं?
नुसतं वाचलं होतं.
उडी यंत्रानं मारली,
कारण हुकूम आमच्याच पत्त्यावरून आला होता,
आमच्याच आवाजात.

खाली गजकवाल्यानं शटर ओढलं तरी
मी कंस निकामी करत बसलेली,
एकेका खुणेला बजावत:
तू अक्षर आहेस, अक्षरच राहा.

तात्यांची वही अजून कपाटात आहे.
त्या ओळीपुढं लाल शाईत त्यांचा शेरा:
'स्थळ चंचल. पत्ता अपुरा.'