मानस

आगापूरच्या मानशीवर बसलेय मी, मांडीवर लॅपटॉप,
लॅपटॉपला वायर, वायरीच्या टोकाला
काडेपेटीएवढा संगणक.
त्याला पडदा नाही, कळफलक नाही,
आणि मोबाइलची एकुलती रेघ
नदीपलीकडून वारा असेल तशी येते-जाते.
भरतीचं पाणी मोजायचं, एवढंच त्याचं काम.
पण आधी बोलायला तर हवं.

रात्री जागरातलं सोंग शिकवून आणलंय त्याला.
कार्डातल्या दोन फायलींत दोन ओळी लिहून सांगितलंय:
उद्या वायर लागली की तू संगणक नाहीस,
म्हण, मी नेटवर्क कार्ड,
साधं, ह्या बाईच्या लॅपटॉपचं.
मुखवटा चढवायला त्याला वीस सेकंद लागतात.
हिरवा दिवा लुकलुकतो. स्थिरावतो.

लॅपटॉपला काहीच दिसत नाही.

पाटाला दोन भोकं, जुळ्यांसारखी,
एक नुसतं जेवायचं,
एक जेवायचं आणि बोलायचंही.
चुकीच्यात लावलं होतं. दुसऱ्यात लावते.
तरी नाही.
ओळी पुन्हा वाचते, एखादी जागा सुटली का,
एखादा स्वल्पविराम. सगळं जागच्या जागी.

सोयरू गावडे बांधावर उकिडवा बसून बघतोय,
चाळीस वर्षं हीच दारं राखणारा.
"दिवो पेटला मगे?"
पेटलाय.
"पूण उलयना?"
नाही बोलत.
तो खाली फळ्यांकडे बोट करतो.
ओहोटीला आतलं पाणी रेटून दार उघडतं,
भरतीला बाहेरचं पाणी रेटून तेच दार मिटतं.
शेतात खारं यायला नको.
"तुजी दोरी तशी आसतली," म्हणतो,
"एकेच कुशीन वचपी."

हसते मी. मग वायर उलटून बघते.
फोंड्याच्या बाजारातली, पन्नास रुपयांची, चार्जिंगची.
आत चारांऐवजी दोनच तारा.
वीज जाते, शब्द जात नाही.

बाबा मस्कतहून दर महिन्याला ड्राफ्ट पाठवायचे.
अकरा वर्षं. पाकिटात दुसरं काही नसायचं.

सोयरूची नात स्कूटर काढते,
भावाच्या जुन्या फोनची वायर घेऊन येते,
मानेशी निळी चिकटपट्टी गुंडाळलेली.

लावते.
वीस सेकंद.
यादीत एक नवं नाव उगवतं: यूएसबी शून्य.
पत्ता एकशे एकोणसत्तर, दोनशे चोपन्न, आणि पुढे काहीतरी.
कुणीच पत्ता दिला नाही
की यंत्र स्वतःच्या मनाने घेतं, तसला.
दोघांनाही तसलाच. चालेल.

हाक मारते.
ओ येते अर्ध्या मिलिसेकंदात.
चौसष्ट बाइट गेले, चौसष्ट आले.
पुन्हा मारते, कारण नसताना.
दोघांचंच नेटवर्क हे, हातभर लांब.
इथून जगात जायला वाट नाही
आणि ह्या क्षणी मला ती नकोही आहे.

काढून लावलं की मात्र ओळख विसरतो तो,
नवाच क्रमांक सांगत येतो,
लॅपटॉप म्हणतो, हा कोण आणखी?
म्हणून तिसरी ओळ लिहिते:
हा तुझा क्रमांक, हा माझा. बदलायचे नाहीत.
नावाची जागा रिकामी असते. तिथे लिहिते, मानस.

पाणी किती?
एक मीटर बत्तीस.
सोयरू खांबावरच्या कालवांची रेघ बघतो.
"चार बोटां चड सांगता."
वाकून पट्टी धरते.
सात सेंटिमीटर जास्त.
शून्य माझंच चुकलेलं, खाली सरकवते.
आता बघा, म्हणते.

तो बघत नाही.
पाणी वळलंय. दार मिटायच्या बेतात आहे.
फळीवर हात ठेवून तो म्हणतो,
"रावगो. आयकूं दी."