सतरा खिळे

आठ वर्षं आम्ही छपराला दोष दिला.
दर मे महिन्यात डांबर,
दर मे महिन्यात नवा माणूस, नवी हमी,
कौलांवर निळी ताडपत्री, तिच्यावर विटा,
आणि तरीही माळ्याच्या फळ्यांवर
काळे ठिपके, मोजून सोडून दिलेले.

माथारपाखाडीत घरं इतकी लगटून
की शेजारच्या फोडणीला आम्ही शिंकतो.
वर माळा: नाताळचा गोठा खोक्यात,
लग्नातले दोन सूट,
पपांचं व्हायोलिन, ज्याच्या पेटीला
आतून पांढऱ्या मिशा फुटल्या आहेत.

इनास मेस्त्री वसईहून आला, जानेवारीत.
डांबराचं नाव काढलं नाही.
शिडीवरून वर जाऊन नुसता बसला
फळ्यांतून डोकावणाऱ्या खिळ्यांकडे बघत.
"ये, हात लाव."
खिळ्याच्या टोकाला थेंब.
पाऊस जाऊन तीन महिने झाले होते.
"हा पाऊस नाय," म्हणाला, "हा तुमचा भात."

भात, कुकर, आंघोळीची वाफ,
आत दोरीवर वाळणाऱ्या चादरी,
रात्रभर चार माणसांचा श्वास.
सगळं वरच येतं, पोरी,
आणि वर तुम्ही कडी लावलेली.

त्याने उदबत्ती पेटवली, देवासाठी नव्हे.
धूर आढ्यापर्यंत गेला
आणि तिथेच घुटमळला,
चुकीच्या ऑफिसात शिरलेल्या माणसासारखा.

त्रिकोणी भिंतीत जिथे लाकडी झडप होती
तिथे प्लायवूड. सतरा खिळे.
ते मी ओळखले.
मम्मीला न्यूमोनिया झाला त्या थंडीत
पपांनी घरातली फट न् फट शोधली,
कापूस कोंबला, पुट्टी भरली,
शेवटी वर चढून हेही.
वारा लागेल तिला, म्हणाले.
ती फेब्रुवारीत गेली.
मग कुणी वर चढलंच नाही.

मेस्त्री सांगत होता: खाली वळचणीला
हवा आत यायला जागा ठेव, वर आढ्याशी जायला.
कबुतरांना जाळी. न्हाणीचा पंखा
माळ्यात नको, थेट बाहेर काढ.
आगपेटीवर हिशोब मांडला, तेरा हजार,
आणि पकड घेऊन बसला.
सोळा निघाले. सतरावा मोडला.
"एवढं जीव खाऊन कुणी ठोकलं?"

खालून पपांची हाक:
"सापडली का गळती?"
"सापडली," मी म्हणाले,
"कौल सरकलं होतं."

इनासने माझ्याकडे बघितलं,
काही बोलला नाही,
दुसरी उदबत्ती लावली.
धूर जरा थबकला,
मग फळीच्या कडेकडेने सरपटत
उघड्या भोकातून गोदीकडे गेला.

प्लायवूड मी लॉरेटाच्या अंगणात ठेवलंय.
आतल्या बाजूला पपांच्या पेन्सिलीने
एक बाण, आणि शब्द: वर.
फेकायचं आहे.
सध्या वाळतंय.