घोडीचे हरभरे

आज शाळेला सुट्टी.
उदाजींनी बँकेत रजा टाकली आहे.
कारण विचारलं तर 'घरगुती', एवढंच लिहितात दरवर्षी.

लष्करात दहा वाजले तरी धुकं उठलेलं नाही.
जनकगंजाकडची गल्ली अर्ध्यातच संपते.
हीटरची एकच कांडी पेटते, तिच्यासमोर आबांचे पाय,
दोन वेगळ्या जोड्यांतले मोजे घातलेले.
आम्ही मटार सोलतो आहोत.
टीव्ही बंद ठेवायचा असा काही नियम नाही,
पण तो कुणी लावत नाही.

या घरात संक्रांतीला दिवस कलेपर्यंत
जिभेला गूळ लागत नाही.
जबलपूरहून लग्न होऊन आले, त्या पहिल्या वर्षी
काळी चंद्रकळा नेसून, हलव्याचे दागिने मांडून
सकाळीच तयार बसले होते मी.
सासूबाई हळूच म्हणाल्या, "चार वाजू दे गं,
सकाळी आमच्याकडे पानिपत असतं."
जसं कुणी सांगावं,
सकाळी आमच्याकडे नळाला पाणी असतं.

आता त्या नाहीत. रात्री मूठभर हरभरे मीच भिजत घालते.
पितळी वाटी, उंबऱ्याबाहेर, उजव्या हाताला.
माणसासाठी नाहीत ते.
माणसाचं नाव कुणालाच ठाऊक नाही.
मोत्यांची, मोहरांची मोजदाद झाली,
आमचा होता तो खुर्द्यात गेला.
नाव राहिलं त्याच्या घोडीचं. पाखरी.
ती म्हणे एकटीच परत आली,
खोगीर पोटाखाली लोंबत, डावा कान अर्धा.
(आबांचे चुलतभाऊ उजवा सांगतात.
त्यावरून एक लग्न मोडता मोडता राहिलं.)

रेवा फोनमध्ये बघते.
"पानिपत ते ग्वाल्हेर चारशे किलोमीटर, आबा."
"असतील."
"पण तेव्हा आपलं घर इथं नव्हतंच ना?
आपण तर तिकडचे, साताऱ्याकडचे.
मग ती परत कुठे आली?"

शेंग माझ्या हातात तशीच.
उदाजी हीटरची वायर हलवून बघायला लागतात.
इतक्या पिढ्या हरभरे भिजले,
हे कुणी विचारलं कसं नाही?

आबा मोजा ओढून वर घेतात.
"थकली असेल," म्हणतात.
मग बऱ्याच वेळानं, रेवाकडे नाही, कांडीकडे बघत,
"थकली तिथं थांबली.
मागून बायापोरं शोधत आली असतील, ती तिच्यापाशी थांबली.
घर काय, त्यानंतरच बांधतात."

जेवणं होतात. खिचडी, कढी, भाजलेला पापड.
भदौरिया भाभी गजकचा डबा घेऊन येतात,
"चार बजे खोलना, मालूम है मुझे,"
आणि जाताना साडी सावरून, जपून,
वाटीला पाय न लावता उतरतात.

किल्ल्याची भिंत आता दिसते, न दिसते.
दार किलकिलं करून रेवा उकिडवी बसली आहे, रजई लपेटून.
दरवर्षी ते हरभरे प्रजापतींची शेळी खाते,
हे तिला पाच वर्षांची असल्यापासून माहीत आहे.

चारला वीस मिनिटं कमी.
आबा आतून विचारतात, "आली का गं?"
"आली," रेवा म्हणते,
"हळू बोला. खाते आहे."

मी कढईत तीळ टाकते.
तडतडतील म्हणून वर झाकण धरते,
थोडं तिरकं.