दारणेवर, छाटणीच्या दिवसांत

या नदीत ट्राउट नाही.
हे शेजवळ हवालदारांना माहीत आहे, मला माहीत आहे,
आणि ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून जाळं ओढणाऱ्या राघूला
तर जन्मापासून माहीत आहे.
तरी आश्विन लागला, पाणी निवळलं,
तळाचे गोटे दिसायला लागले
की हवालदारांचा फोन येतो : निघायचं का?

भगूरच्या पुढे, रेल्वेपुलाच्या अलीकडे
मी आधी प्लास्टिकची खुर्ची उतरवतो, मग त्यांना,
मग त्यांचा उजवा हात मांडीवर नीट ठेवतो.
पौषापासून तो ठेवावाच लागतो.

डाव्या हाताने ते तंबाखूची डबी उघडतात.
आत माश्या.
माशीने मासा धरायचा, ऐकायला म्हण वाटते,
पण हिमाचलात पोस्टिंग असताना हे ते शिकून आले :
तांदळाएवढा गळ, शिलाईचा तांबडा दोरा,
कोंबड्याच्या मानेचं पीस
(कोंबडा आमचा. बायको अजून विचारते,
हा असा बोडका कसा झाला).

आता बांधतो मी, फेकतोही मीच.
ते फक्त सांगतात.
मनगट मोडू नकोस.
दोरी मागे पुरती उलगडू दे. थांब.
थांब म्हटलं ना.
आता.

एकतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा मोजल्या,
बोटांची खोड जात नाही,
मी फेकी मोजतो.
पलीकडच्या मळ्यात छाटणी झालेली,
बायका रबरी हातमोजे घालून
काड्यांच्या डोळ्यांना पेस्ट लावताहेत, डोळा फुटावा म्हणून.
रेंजवर तोफेचा आवाज होतो.
खंड्या उडतो. हवालदार उडत नाहीत,
म्हणतात, हा आपल्या बॅटरीचा नाही.

राघू ओरडतो, काका, कणीक लावा कणीक!

सत्तेचाळिसाव्या फेकीला पाण्यावर
कुणी टिचकी मारावी तसं झालं.
आमळी. करंगळीएवढी. चकचकीत,
स्वतःच्याच हिमतीने घाबरलेली.
आधी हात ओला कर, ते खुर्चीतून ओरडले,
कोरड्या हाताने तिची कातडी जाते.
मी ओंजळीतून आणली,
आणि काय सुचलं कोण जाणे,
त्यांचा उजवा तळवा भिजवून त्यावर ठेवली.

ती तडफडली तिथे, दोनदा.
ते बघत राहिले, दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं तसे.
काही कळतंय का, मी विचारलं.
नाही, ते म्हणाले.
गार असेल.

मग सोड म्हणाले. सोडली.
पुलावरून मालगाडी गेली, मी डबे मोजले नाहीत.
खुर्ची घडी घालताना ते डबीत बोट फिरवत होते.
पुढच्या रविवारी हिरवा दोरा आण.
तांबडा इथल्या पाण्याला मानवत नाही.